साडेसातीला सहा महिने कमी

एम.ए.च्या पेपरच्या आदल्या रात्री दोन खोल्यांच्या घरात मोठ्याने वाचू नये. मी जुन्या इंग्रज कवी चौसरची 'नाइट्स टेल' ही काव्यकथा घोकत होते. शेजारी लसूण सोलणारी आजी म्हणाली, "काय पुटपुटतेस? मराठीत सांग."

इटालियन कवी बोकाच्चोचं याच गोष्टीचं जवळजवळ 10,000 ओळींचं काव्य चौसरने सव्वादोन हजारांवर आणलं, हे त्याचे उपकार. आजीला तेच लसणाच्या एका गड्ड्यात हवं होतं.

अथेन्सच्या बुरुजात दोन मावसभाऊ कैदेत. मे महिन्यात पॅलामनला खिडकीतून बागेतली एमिली दिसते, मागोमाग आर्सिटला. लगेच भांडण.

"आणि ती?"

"तिला पत्ताच नाही."

"हं."

आर्सिट सुटतो आणि वेष पालटून तिच्याच घरी चाकरीला राहतो. पॅलामन सात वर्षांनी पळतो. "साडेसात," आजी म्हणाली. मी पुस्तक दाखवलं, तर म्हणे, सहा महिने लिहिणाऱ्याने खाल्ले.

मग रानात गाठ पडते. आर्सिट आदल्या रात्री वैऱ्याला जेवण-अंथरूण आणून देतो, सकाळी दोघे एकमेकांना चिलखत चढवतात आणि घोटाभर रक्तात लढतात. "रीतभात होती हो!" आजी खूश.

राजा थेसियस अडवतो. 50 आठवड्यांनी 100-100 सरदार घेऊन या, जिंकेल त्याची एमिली. पॅलामन शुक्रदेवतेकडे मुलगी मागतो, आर्सिट मंगळाकडे विजय. दोघांनाही होकार! वर देवांत जुंपली, ती मिटवायला सॅटर्न आला.

"तो कोण?"

"शनी."

आजीने लसूण खाली ठेवला. "मग आधी नाही का सांगायचं?"

चाळून पाहिलं, तर तुरुंगात आर्सिटही शनीच्याच दृष्टीला बोल लावतो. मी पेन्सिलीने खूण केली. वर्गात हे कुणी इतकं पटकन पकडलं नव्हतं.

आर्सिट जिंकतो. तेवढ्यात शनीच्या शब्दावरून पाताळातून एक कृत्या उठते, घोडा बुजतो, स्वारी डोक्यावर आपटून मरते. काही वर्षांनी पॅलामनचं एमिलीशी लग्न.

"विजय मागितला, मिळाला. मुलगी कुठे मागितली होती? संकल्प नीट सोडायला नको?"

"एमिलीनेही मागितलं होतं. डायना देवीकडे. लग्नच नको म्हणून."

"मग?"

"देवी म्हणाली, जमणार नाही."

आजी उसळली. "मेल्यांनो, पोरीला कुणी विचाराल की नाही?"

मग सालं गोळा करत म्हणाली, "रविवारी पाहुणे यायचेत, ती हिरवी साडी नेस. छत्तीसपैकी अठ्ठावीस गुण जुळलेत."