प्रतिक्रियेला उत्तर: रडारला उल्का दिसते की नाही?

इंग्लंडमधल्या जोड्रेल बँक या रेडिओ वेधशाळेवरच्या माझ्या लेखाखाली एक प्रतिक्रिया आलीय. नाव टाकायची तसदी घेतलेली नाही, पण सूर असा की जणू दहावीचे पेपर तपासायला बसलेत. "रडारला उल्का दिसतच नाही, तिची मागे राहिलेली रेघ दिसते, एवढं तरी वाचून लिहायचं. वाऱ्यांचा उपयोग गाळलाय, भारतातलं काहीच नाही. यूट्यूब बघून लेख पाडलेला दिसतोय."

आधी हे "एवढं तरी" बघू. साहेब, माझी अर्धी नोकरी रडारच्या स्क्रीनसमोर गेलीय. एको, म्हणजे आदळून परत येणारी रडारची लहर, काय असते हे मला शिकवायचं असेल तर जरूर शिकवा, पण जरा नीट बोलून. 'रडारने टिपलेल्या उल्का' हा मथळा थोडा चटपटीत होता, तेवढं मान्य.

आता रेघ. वाळूच्या कणाएवढा दगड सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटरच्या वेगाने येतो, साधारण ८० ते १०० किलोमीटर उंचीवर हवेशी टकरून जळतो, मागे सुट्या इलेक्ट्रॉनची रेघ राहते आणि रडारची लहर तिच्यावरून परत येते. हे मला माहीत नाही असं वाटलं का तुम्हाला? लेखातच होतं की, ऑक्टोबर १९४६ मध्ये जियाकोबिनिड उल्कांचा पाऊस पडला त्या रात्री जोड्रेल बँक उभारणाऱ्या बर्नार्ड लोव्हेलच्या लोकांनी अँटेना मुद्दाम उल्का जिथून येताना दिसतात त्या दिशेला वळवला आणि एको धपकन कमी झाले, कारण रेघ रडारच्या बीमला, म्हणजे झोताला, काटकोनात आडवी असेल तरच चांगला एको मिळतो. तो परिच्छेद वाचलात का, की मथळा बघूनच टाईप करायला घेतलंत?

आणि "दिसतच नाही" मधला तो 'च' कुठून आणलात? हेड एको नावाचा प्रकार असतो. दगडाभोवतीचा प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित तापलेला वायू, दगडाच्याच वेगाने धावतो आणि ताकदवान रडारला तो धावतानाच सापडतो, पेरूमधल्या हिकामार्काला, उत्तर स्कँडिनेव्हियातल्या आयस्कॅटला. आता म्हणाल तो प्लाझ्मा झाला, दगड नाही. मग विमान तरी कुठे दिसतं हो रडारवर, ठिपकाच दिसतो ना!

मुलीकडे जर्मनीत होतो तेव्हा गॅलरीच्या कठड्याला छोटा यागी अँटेना बांधला होता, लॅपटॉपला रेडिओ पकडणारा स्वस्तातला यूएसबी डोंगल. फ्रान्सचं ग्राव्ह नावाचं रडार आहे, उपग्रहांवर लक्ष ठेवायला, १४३.०५ मेगाहर्ट्झवर. एरवी नुसती खरखर, कारण ट्रान्समीटर क्षितिजाआड, पण मध्येच एखादी उल्का पेटली की तिच्यावरून सिग्नल येतो, टूंऽऽ करून, सेकंदभर कधी त्याहून कमी. आणि कधीकधी त्या टूंच्या आधी झर्रकन खाली उतरणारी शीळ, स्क्रीनवर तिरकी रेष. ती शीळ म्हणजे हेड एको, डॉपलर परिणामामुळे, म्हणजे धावणाऱ्या वस्तूच्या वेगाप्रमाणे सूर बदलतो म्हणून, तो घसरतो. मागे राहिलेली रेघ वाऱ्याबरोबर सावकाश सरकते, ती कशी अशी शीळ घालेल? हे मी कानांनी ऐकलंय, यूट्यूबवर नाही.

बाकीचं काय, रेघ कशी सरकते त्यावरून वरचे वारे मोजणं हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. भारतातलं म्हणाल तर आंध्र प्रदेशातल्या गादंकीला ५३ मेगाहर्ट्झचं रडार आहे हे मलाही ठाऊक आहे, पण लेख इंग्लंडमधल्या १९४५-४७ च्या कामावर होता, तिथे गादंकी कुठून घुसडू? १९४७ च्या उन्हाळ्यात भर दिवसा पडणारे उल्कावर्षाव सापडले, डोळ्यांना कधीच दिसले नसते असे, त्याबद्दल मात्र तुमच्या प्रतिक्रियेत एक अक्षर नाही.

पुढच्या वेळी नाव टाकून लिहा, म्हणजे अहोजाहो कुणाला करतोय ते तरी कळेल.