‘किंग अँड कंट्री’वरचा तो मेसेज पुढे पाठवू नका

गेले काही दिवस एक लांबलचक मेसेज फिरतो आहे. वर ‘किंग अँड कंट्री’ या १९६४ सालच्या कृष्णधवल इंग्रजी सिनेमाचा शेवटचा तुकडा आणि खाली मजकूर. मजकूर थोडक्यात असा: ही सत्यकथा आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यातून जो पळाला त्याला चोवीस तासांत गोळी घातली जाई. ‘शेल शॉक’ (तोफांच्या माऱ्याखाली मन खचून जाणं) हा पळपुट्यांचा बहाणा होता, खरा आजारी असेल त्याला डॉक्टर वाचवायचेच. २००६ साली ब्रिटनने मतांसाठी या सगळ्यांना निर्दोष ठरवलं. आणि भारतात आजही हाच कायदा आहे, सुट्टीवरून एक दिवस उशीर झाला की जवान भगोडा आणि भगोड्याला गोळी. शेवटी ‘प्रत्येक फौजीच्या घरी पाठवा’ अशी आज्ञा.

तो एका फौजीच्या घरी पोचला. आमच्या नात्यातला मुलगा सुट्टीवर आलेला, अंगात ताप, सुट्टी परवा संपणार. “भाऊजी, खरं आहे का हो हे?” असं त्याच्या आईने फोनवर विचारलं तेव्हा तिला नीट बोलताही येत नव्हतं. ज्याने हे लिहिलं त्याने ना सिनेमा धड पाहिला आहे, ना कायदा उघडला आहे.

सत्यकथेचा मुद्दा एका परिच्छेदात संपतो. दिग्दर्शक जोसेफ लोझी. सिनेमा जॉन विल्सनच्या ‘हॅम्प’ या नाटकावरून घेतला आणि नाटक जेम्स लॅन्सडेल हॉडसनच्या कादंबरीतल्या एका प्रसंगावरून. शिपाई आर्थर हॅम्प हे कादंबरीतलं पात्र आहे. टॉम कोर्टनेने ते इतकं खरं उभं केलं की त्याला व्हेनिसच्या महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं पारितोषिक मिळालं. पण नटाचं काम खरं वाटणं वेगळं आणि घटना खरी असणं वेगळं.

आता चोवीस तास. ज्याला सिनेमा आठवत नसेल त्याच्यासाठी सांगतो: १९१७, बेल्जियममधली पॅशनडेलची आघाडी, चिखल आणि उंदीर. हॅम्प स्वखुशीने भरती झालेला, कंपनीतले बाकीचे सगळे मेलेले. एक दिवस तोफांकडे पाठ करून तो चालायला लागतो, चालत लंडनला घरी जायचं म्हणून. पकडला जातो. कॅप्टन हारग्रीव्ज (डर्क बोगार्ड) त्याची बाजू मांडतो. कोर्ट दोषी ठरवतं पण दयेची शिफारस करतं. वरून उत्तर येतं की बटालियन पुढे जाणार आहे, जरब बसली पाहिजे. पहाटे गोळी. दीड तासाच्या सिनेमात हे सगळं भराभर घडतं आणि मेसेज लिहिणाऱ्याने तोच वेग इतिहासाला लावला.

प्रत्यक्षात कामकाज असं चाले. आघाडीवर ‘फील्ड जनरल कोर्ट मार्शल’ हे लष्करी न्यायालय बसे, त्यात किमान तीन अधिकारी. मृत्युदंड द्यायचा तर तिघांचं एकमत लागे. निकाल तिथे संपत नसे. कागद बटालियनच्या कमांडिंग ऑफिसरकडे जात, मग ब्रिगेड, डिव्हिजन, कोअर, आर्मी अशा पायऱ्या चढत सरसेनापतीपर्यंत. प्रत्येक पायरीवर शेरा पडे: हा माणूस लढवय्या म्हणून कसा आहे, गुन्हा जाणूनबुजून केला का, पलटणीतली शिस्त सध्या कशी आहे. सरसेनापतीची सही झाल्याशिवाय शिक्षा अमलात येत नसे. यात आठवडे जात.

आणि ‘जो पळाला त्याला’? ब्रिटिश युद्ध खात्याने १९२२ साली स्वतःच्या लष्करी कामगिरीचा एक जाडजूड आकडेग्रंथ छापला. युद्धाबद्दल कळवळा यावा म्हणून तो छापलेला नाही, खात्याचाच हिशेब आहे, म्हणून मी त्याच्यावरच भिस्त ठेवतो. ऑगस्ट १९१४ ते मार्च १९२० या काळात मृत्युदंड सुनावले गेले ३,०८०. प्रत्यक्ष गोळी घातली गेली ३४६ जणांना. शंभरातल्या साधारण अकरांना. या ३४६ मध्ये सैन्यातून पळून जाणं २६६, खून ३७, भ्याडपणा १८, ठाणं सोडणं ७, वरिष्ठावर हात उचलणं ६, हुकूम मोडणं ५, बंड ३, पहाऱ्यावर झोपणं २, शस्त्र टाकणं २. उरलेल्यांची शिक्षा सक्तमजुरीवर किंवा कैदेवर आली. १९१५च्या एका कायद्यामुळे तीही बऱ्याचदा स्थगित ठेवून माणसाला पुन्हा खंदकात पाठवत. तोच माणूस पुन्हा गेला की जुनी शिक्षा त्याच्या विरोधात उभी राही.

शिवाय पळणं आणि गैरहजर राहणं हे तेव्हाही दोन वेगळे गुन्हे होते. फरक हेतूचा. कायमचं जायचं होतं का, किंवा पलटण आघाडीवर निघाली असताना तेवढंच टाळायचं होतं का, हे सिद्ध करावं लागे. गणवेश उतरवला होता का, रायफल कुठे टाकली, पकडल्यावर खोटं नाव सांगितलं का, पलटणीपासून किती लांब सापडला, असल्या गोष्टींवर ते ठरे. हॅम्पचा घात इथेच होतो. तो सरळ सांगतो की तोफांपासून लांब जायचं होतं, घरी जायचं होतं. हारग्रीव्जने कितीही धडपड केली तरी आरोपीनेच हेतू सांगून टाकलेला असतो. लेखकाला कायद्याचा हा सांधा पक्का माहीत होता, हे त्या एका उत्तरावरून कळतं.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. जरब बसवण्यासाठी एखाद्याचा बळी द्यायचे, असंही मेसेजमध्ये म्हटलं आहे, आणि ते खोटं नाही. पलटणीची शिस्त कशी आहे हा शेरा कागदावर असेच, आणि त्यावर माणसाचं जगणं-मरणं फिरे. त्याच गुन्ह्यासाठी एक सुटे, दुसरा मरे.

आता ज्या ओळीसाठी मी लिहायला बसलो ती. ‘शेल शॉक हा बहाणा होता, खऱ्या आजाऱ्याला डॉक्टर वाचवायचेच.’

हे लिहिणाऱ्याने सिनेमातला डॉक्टर पाहिलाच नाही. कॅप्टन ओसलिव्हन (लिओ मॅकर्न) हा दुष्ट माणूस नाही, थकलेला आणि ठाम समजुतीचा आहे. हॅम्प त्याच्याकडे गेलेला असतो आणि परत येतो जुलाबाच्या गोळ्या घेऊन. ‘नंबर नाइन’ ही त्या काळच्या ब्रिटिश शिपायाची नेहमीची गोळी, कुठल्याही तक्रारीवर तीच. कोर्टात हारग्रीव्ज त्याला कोंडीत पकडतो, पण डॉक्टरचं मत हलत नाही. हा नुसता घाबरलाय, त्याला काय औषध द्यायचं, असा त्याचा एकूण सूर. कल्पनेतला म्हणून हा प्रसंग सोडून द्या. कागदावरचा खरा माणूस घ्या.

शिपाई हॅरी फार, वेस्ट यॉर्कशायर रेजिमेंट. युद्धाआधीचा सैनिक, राखीव दलातून परत बोलावलेला. मे १९१५मध्ये शेल शॉक झाल्यामुळे फ्रान्समधल्या बुलोन्यच्या इस्पितळात पाच महिने. हात इतके थरथरत की घरची पत्रं परिचारिका लिहून देई. १९१६मध्ये पुन्हा उपचार. १७ सप्टेंबर १९१६ला फ्रान्समधल्या सॉमच्या लढाईत त्याने पुढे जायला नकार दिला, सहन होत नाही म्हणाला. सार्जंट मेजरने त्याला भ्याड म्हणून शिव्या घातल्या. २ ऑक्टोबरला कोर्ट मार्शल. फारच्या बाजूने बोलायला कोणी अधिकारी नव्हता, त्याचं त्यानेच मांडलं. ज्या डॉक्टरने आधी उपचार केले तो स्वतःच जखमी होऊन गेलेला, त्यामुळे साक्षीला नाही. सुनावणी साधारण वीस मिनिटांची. त्याच दिवसाचं एक वैद्यकीय प्रमाणपत्र फाइलला आहे: शारीरिक आणि मानसिक स्थिती समाधानकारक. कोर्टाने विचारलं की अटकेनंतर तू आजारी असल्याचं का कळवलं नाहीस. त्याने उत्तर दिलं की तोफांच्या माऱ्यापासून लांब आल्यावर बरं वाटलं.

हे उत्तर पुन्हा वाचा. आज कुठलाही मानसोपचारतज्ज्ञ यात आजाराचं लक्षण वाचेल. त्या खोलीत ते गुन्ह्याच्या कबुलीसारखं ऐकलं गेलं. वागणूक आणि चारित्र्य चांगलं असल्याची नोंद त्याच कागदांत आहे. तरी वरच्या पायरीवर सार्जंट मेजरचं मत वजनदार ठरलं. १४ ऑक्टोबरला सरसेनापती हेगची सही झाली, १८ ऑक्टोबरच्या पहाटे गोळी. कोर्टापासून सोळा दिवस. त्याने डोळ्यांवर पट्टी बांधून घेतली नाही. विधवेची पेन्शन बंद झाली. याला पळपुटा म्हणायचं?

डॉक्टर वाचवायचेच, हे वाक्य कुठे मोडतं तेही समजून घ्या. ‘शेल शॉक’ हा शब्द वैद्यकीय नियतकालिकात चार्ल्स मायर्स या ब्रिटिश डॉक्टरने १९१५मध्ये आणला. सुरुवातीला समज अशी की गोळा जवळ फुटल्याने मेंदूला धक्का बसतो. म्हणजे गोळा जवळ फुटल्याचा पुरावा नसेल तर आजार नाही. महिनोन्महिने माऱ्याखाली राहून माणूस आतून झिजतो, हे त्या व्याख्येत बसतच नव्हतं. त्यात आघाडीवरच्या डॉक्टरचं काम माणसं परत खंदकात पाठवण्याचं. आजारी म्हणून मागे पाठवलेल्यांचा आकडा वाढला की त्यालाच विचारणा होई. असा डॉक्टर साक्षीदार म्हणून उभा राहतो तेव्हा त्याच्या ‘फिट आहे’ला किती किंमत द्यायची, हाच सिनेमाचा प्रश्न आहे.

वयाचं तर बोलायलाच नको. हर्बर्ट बर्डन, नॉर्दम्बरलँड फ्युजिलिअर्स. वय दोन वर्षांनी वाढवून सांगत भरती झाला, जुलै १९१५मध्ये बेल्जियममधल्या ईपरजवळ गोळी घातली तेव्हा सतरा वर्षांचा होता. स्टॅफर्डशरमध्ये या शिपायांचं स्मारक आहे, डोळे बांधलेला आणि हात मागे बांधलेला एक मुलगा. तो पुतळा याच्यावरून घडवलेला आहे. मागे नावांचे ३०६ खांब.

हे ३०६ कुठून आले? ३४६ मधून खुनाचे ३७ आणि बंडाचे ३ वजा करा. या लोकांना २००६च्या सशस्त्र दल कायद्याच्या कलम ३५९ने माफी मिळाली. निर्दोषत्व मिळालं नाही. या माफीने दोषसिद्धीवर किंवा शिक्षेवर परिणाम होत नाही, असं त्याच कलमात लिहिलं आहे. नातेवाईकांतल्या कित्येकांना हेच खुपलं. आणि मतांसाठी म्हणाल, तर पळून जाणं आणि भ्याडपणा यांसाठीचा मृत्युदंड ब्रिटनच्या संसदेने १९३० सालीच काढून टाकला होता. त्यासाठी वर्षानुवर्षं झगडणारा खासदार अर्नेस्ट थर्टल स्वतः त्या युद्धात लढून आला होता.

बारा बंदुकांपैकी एक कोरी असे, ‘म्हणून कुणालाच पाप लागत नसे’, असंही एक वाक्य मेसेजमध्ये घुसडलं आहे. कोरं, म्हणजे गोळी नसलेलं काडतूस देण्याचा प्रघात होता. पण कोऱ्या काडतुसाचा खांद्याला बसणारा धक्का हलका असतो, आणि मुरलेल्या शिपायाला तो लगेच कळतो. सिनेमात नेम चुकतात, कारण मारणारे हॅम्पचेच सोबती आहेत. हारग्रीव्जला चिखलात गुडघे टेकून रिव्हॉल्व्हरने ते काम संपवावं लागतं. हे काम नियमाने गोळीबार करणाऱ्या तुकडीच्या अधिकाऱ्याचं. लोझीने ते बचाव करणाऱ्याच्या हातात दिलं, हा दिग्दर्शकाचा निर्णय.

राहिला भारत. इथे आर्मी ॲक्ट १९५० लागू आहे. पळून जाणं कलम ३८मध्ये, विनापरवानगी गैरहजर राहणं किंवा सबळ कारणाशिवाय सुट्टीपेक्षा जास्त राहणं कलम ३९मध्ये. दुसऱ्यासाठी जास्तीत जास्त तीन वर्षं कैद, आणि तीही कोर्ट मार्शलने दोषी ठरवल्यावर. पळून जाण्यासाठी एरवी सात वर्षांपर्यंत. ॲक्टिव्ह सर्व्हिसवर (म्हणजे शत्रूविरुद्धच्या मोहिमेवर) असताना किंवा तसा हुकूम आलेला असताना पळाल्यास मृत्युदंडापर्यंत शिक्षा होऊ शकते, हे खरं आहे, नाकारत नाही. सरकार अधिसूचना काढून एखाद्या भागातली नोकरी ॲक्टिव्ह सर्व्हिस ठरवू शकतं, हेही खरं. पण तिथेही पळण्याचा हेतू सिद्ध व्हावा लागतो. जनरल कोर्ट मार्शलमध्ये मृत्युदंडाला किमान दोन तृतीयांश सदस्यांची संमती लागते, समरी जनरल कोर्ट मार्शलमध्ये सगळ्यांची. त्यानंतर वरची मंजुरी वेगळी. आणि गैरहजेरी तीस दिवसांची झाली की कलम १०६प्रमाणे कोर्ट ऑफ इन्क्वायरी (चौकशी मंडळ) बसते, गैरहजेरी नोंदली जाते. त्यानंतरही जो हजर होत नाही किंवा सापडत नाही, तो भगोडा धरला जातो. एका दिवसाने कोणी भगोडा होत नाही.

तापाने अंथरुणावर असलेल्या मुलाच्या घरच्यांनी एवढंच करायचं. सुट्टी संपायच्या आत युनिटला फोन लावायचा, कंपनीच्या सीनिअर जेसीओशी (ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसरशी) बोलायचं, सुट्टी वाढवून मागायची आणि कोणाशी, किती वाजता बोललो ते लिहून ठेवायचं. त्याला जवळच्या मिलिटरी हॉस्पिटलात दाखवायचं. ते लांब असेल तर सरकारी दवाखान्यात, आणि केस पेपर, तपासण्यांचे रिपोर्ट, प्रमाणपत्र जपून ठेवायचं. फोटो काढून युनिटला पाठवायचे. झोप लागत नाही, हात थरथरतात, परत जायच्या विचाराने छाती धडधडते, असं मुलगा सांगत असेल तर तेही डॉक्टरला तापाइतक्याच स्पष्ट शब्दांत सांगायचं, आणि कागदावर लिहून घ्यायचं. हॅरी फारच्या फाइलमध्ये नेमका हाच कागद नव्हता.