सेंद्रिय शेतीचा खर्च पाणी पिणाऱ्यांनी उचलावा

महाराष्ट्रात सेंद्रिय शेतीवर वाद सुरू झाला की तो लगेच दोन टोकांना जातो. एकीकडे विषमुक्त अन्न, देशी गाय, जीवामृत आणि दशपर्णी अर्कासारखी घरी बनवलेली खतं-औषधं. दुसरीकडे श्रीलंका. 2021 मध्ये तिथल्या सरकारने रासायनिक खतांच्या आयातीवर एका फटक्यात बंदी घातली, शेतकरी रस्त्यावर उतरले, नोव्हेंबरमध्ये बंदी मागे घ्यावी लागली आणि तरीही भाताचं पीक कोसळलं. सेंद्रियचं नाव काढलं की हा दाखला पुढे येतो.

मी वर्धा जिल्ह्यातल्या शेतकरी घरातली. गेली बरीच वर्षं म्युनिकमध्ये राहते. माझा मोठा भाऊ आमची कपाशी, तूर आणि सोयाबीनची शेती करतो, त्यामुळे हा वाद फोनवरून माझ्यापर्यंत येतच असतो. दोन्हीकडचं पुष्कळसं म्हणणं मला पटतं. पण सेंद्रिय करायचं की नाही हे शेतकऱ्याने एकट्याने ठरवायचं आणि त्याचा भारही त्यानेच सोसायचा, हे दोन्ही बाजूंनी न बोलता मान्य करून टाकलेलं आहे. हे मला मान्य नाही. म्युनिकमध्ये मी रोज जे पाणी पिते, त्याची हकिकत सांगितली तर का ते कळेल.

या शहराला 1883 पासून मांगफाल नदीच्या खोऱ्यातून पाणी येतं. खोरं शहराच्या दक्षिणेला, आल्प्सच्या पायथ्याशी. कॉलऱ्याच्या साथींनी पोळलेल्या शहराला स्वच्छ पाणी मिळावं म्हणून माक्स फॉन पेटेनकोफर या आरोग्यतज्ज्ञाने आग्रह धरला, त्यातून ही योजना उभी राहिली. पाणी उताराने आपोआप येतं आणि बहुतेक काळ कोणतीही प्रक्रिया न करता नळाला सोडलं जातं. पण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खोऱ्यातली शेती बदलली. जनावरं वाढली, शेणा-मुताचा पातळ काला आणि रासायनिक खतं जास्त पडू लागली, आणि पाण्यातलं नायट्रेट (खतांतल्या नत्रापासून तयार होणारा, पाण्यात सहज विरघळणारा क्षार) हळूहळू चढत लिटरला 15 मिलिग्रॅमच्या जवळ पोहोचलं. कायद्याची मर्यादा 50 ची आहे, म्हणजे घाबरण्यासारखं अजून काही झालं नव्हतं. तरी शहराच्या पाणीपुरवठा कंपनीने थांबायचं नाही असं ठरवलं.

1992 मध्ये कंपनी शेतकऱ्यांकडे गेली आणि म्हणाली, सेंद्रियकडे वळा, वळण्याचं नुकसान आम्ही भरतो. पहिली सहा वर्षं हेक्टरी 281 युरो (त्या वेळी ते मार्कांत होते), पुढची बारा वर्षं त्याहून थोडे कमी. म्हणजे अठरा वर्षांचा शब्द. सक्ती कुणावरही नव्हती. माल सेंद्रिय असल्याचं प्रमाणन करणाऱ्या संघटना सल्ल्याला होत्या, दुधाला गिऱ्हाईक मिळवून द्यायलाही मदत झाली. सुरुवातीला थोडेच शेतकरी आले, शेजाऱ्याचं बघून बाकीचे येत गेले. आज दीडशेहून अधिक शेतकरी या करारात आहेत आणि नायट्रेट दहाच्या खाली आहे. या सगळ्याचा खर्च पाण्याच्या बिलात घनमीटरमागे जेमतेम एक सेंट पडतो. चार माणसांच्या घराला वर्षाकाठी दोन युरोही नाहीत.

सेंद्रिय शेतीचे समाजाला होणारे फायदे यावर मी खूप भाषणं ऐकली आहेत. ज्यांना फायदा होतो त्यांनीच त्याचे पैसे मोजावेत, हे इतक्या साधेपणाने अंमलात आलेलं मी इथेच पाहिलं.

दादा मागे इथे आला होता, तेव्हा त्याला त्या खोऱ्यातल्या एका गोठ्यावर घेऊन गेले. शेतकरी साठीचा, हातात रबरी मोजे, मागे गवताच्या गंजीचा आंबूस वास. दुभाषी मीच. दादाचा पहिला प्रश्न, गाय किती लिटर देते? शेतकरी म्हणाला, खाली रासायनिकवाल्यांच्या गायी माझ्यापेक्षा जास्त देतात, ते मी लपवत नाही. खुराक कमी लागतो आणि दुधाला भाव जास्त, त्यात निघून जातं. मग दादाने विचारलं, "ते पाण्याचे पैसे टाइमवर येतात का?" मी भाषांतर केलं. शेतकऱ्याला प्रश्नच कळेना. मी दुसऱ्यांदा विचारलं, तेव्हा तो म्हणाला, करार आहे ना, मग येणारच. परतीच्या गाडीत दादा बराच वेळ त्यावरच बोलत होता. गायींचा विषयही निघाला नाही.

हा प्रश्न त्याला का पडला, हे आपल्याकडच्या योजना पाहिल्या की समजतं. सेंद्रिय शेतीसाठीच्या केंद्राच्या परंपरागत कृषी विकास योजनेत गटातल्या शेतकऱ्यासाठी तीन वर्षांत हेक्टरी 31,500 रुपयांची तरतूद आहे, त्यातले 15,000 खत-बियाण्यासारख्या निविष्ठांसाठी थेट खात्यात जमा व्हायचे. बाकीचे प्रशिक्षण, प्रमाणन, विक्री यांवर. जमिनीचं रूपांतर व्हायलाच दोन-तीन वर्षं लागतात. म्हणजे माती वळणावर येते तोवर योजना संपलेली. विदर्भासाठी 2018 मध्ये डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाने सेंद्रिय शेतीचं मिशन सुरू झालं, पुढे ते राज्यभर नेलं. 2024 च्या नोव्हेंबरमध्ये केंद्राने नैसर्गिक शेतीच्या राष्ट्रीय अभियानाला 2,481 कोटी मंजूर केले. या सगळ्याचं मी मनापासून स्वागत करते. पण त्याच वेळी खतांच्या अनुदानावर केंद्र दरवर्षी दीड लाख कोटींहून अधिक खर्च करतं आणि 45 किलोची युरियाची गोणी 266 रुपयांच्या आसपास मिळते. शेतकरी युरियाकडे वळला तर त्यात त्याचा लोभ कुठे आला?

दादाने तीन एकरांवर सेंद्रिय कपाशी करून पाहिली आहे. का सोडली हे त्याच्याच शब्दांत सांगते. "निंदणाचे पैसे कोण देईन? श्रावणात पाण्याची झड लागली की डवरा चालत नाही, तण कमरेला येते, बायका मिळत नाहीत. मिळाल्या तर त्याईले रोज द्या लागते, तवा माल निघाला नसते." शिवाय बियाणं. कपाशीचं नव्वद टक्क्यांहून अधिक क्षेत्र बीटीखाली (बोंडअळीला रोखणारं जनुक घातलेल्या वाणांखाली) गेलेलं, प्रमाणित सेंद्रियमध्ये बीटी चालत नाही, आणि बिगर-बीटीचं चांगलं बियाणं मिळवणं म्हणजे वणवण. शेणखताचीही तीच गत, कारण गोठ्यातली जनावरं कमी झाली.

2019 च्या जूनमध्ये शेतकरी संघटनेने अकोला जिल्ह्यात, अकोली जहागीरला, परवानगी नसलेलं तणनाशक-सहनशील (तणनाशक फवारलं तरी पीक मरत नाही असं) कपाशीचं बियाणं उघडपणे पेरलं. शहरात राहणाऱ्या माझ्या बऱ्याच मित्रमैत्रिणींना त्याचा राग आला होता. मला त्या आंदोलनाचा मार्ग पटत नाही, पण त्यामागची अडचण खरी आहे, ती निंदणाची आहे. नैसर्गिक शेतीच्या व्यासपीठावरून जीवामृताचं प्रमाण तपशिलाने सांगितलं जातं, निंदणाची मजुरी मात्र हिशेबात कुठेच येत नाही.

आणि गावाच्या दृष्टीने खरा लाभ तर त्या मजुरीतच आहे. निंदणाचा रोज हा शेतकऱ्याचा खर्च असतो, पण तोच गावातल्या भूमिहीन बाईची श्रावण-भादव्याची कमाई असते. तणनाशकाचे पैसे कंपनीकडे जातात, निंदणाचे गावात राहतात. फवारणीचंही तसंच. 2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो जण दवाखान्यात गेले. त्यात पाठीवर पंप घेऊन दुसऱ्याच्या शेतात रोजाने फवारणारे कितीतरी होते. कमी विष फवारलं तर सगळ्यात आधी जीव वाचतो तो त्यांचा, शहरातल्या ग्राहकाचा नंतर. आपल्या सेंद्रियच्या चर्चेत मात्र शहरातल्या ताटातली भाजीच पुढे असते.

आता पाण्याकडे येते. केंद्रीय भूजल मंडळाच्या 2024 च्या अहवालात महाराष्ट्रातल्या तीनपैकी एकापेक्षा जास्त नमुन्यांत नायट्रेट लिटरला 45 मिलिग्रॅमच्या, म्हणजे आपल्याकडच्या मर्यादेच्या वर आढळलं, आणि वर्धा, अमरावती, बुलढाणा, यवतमाळ ही नावं त्यात ठळक आहेत. पंधराला म्युनिक हललं होतं, हे इथे आठवावं. पंचेचाळीसच्या वरचं पाणी तान्ह्या बाळांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी करतं, हे वैद्यकशास्त्राला अनेक दशकांपासून माहीत आहे. सगळं नायट्रेट खतातूनच येतं असं नाही. शोषखड्डे, उकिरडे, उघडी गटारं यांचाही वाटा आहे, आणि बेहिशेबी टाकलं तर शेणखतातूनही ते विहिरीत उतरतं. म्हणूनच युरोपात सेंद्रिय शेतातही शेणखतातलं नत्र वर्षाला हेक्टरी 170 किलोपेक्षा जास्त टाकता येत नाही.

पैसे नाहीत, हे उत्तर मला ठाऊक आहे. पण आमच्या गावात आता घरोघरी विकतच्या पाण्याचा वीस लिटरचा जार येतो. लग्न असो की तेरवी, मांडवाच्या कोपऱ्यात जारांची रांग असते. हे पाणी शुद्ध करणाऱ्या आरओच्या यंत्रातून जेवढं पाणी मिळतं, त्याच्या बरोबरीने किंवा जास्तच वाया जातं. गरीब घरं अजूनही नळाचं किंवा हापशीचं पाणी पितात. म्हणजे गाव पाण्यासाठी पैसे मोजतंच आहे, फक्त ते पाणी खराब झाल्यानंतर मोजतं, आणि ज्यांना परवडतं त्यांच्यापुरतं मोजतं.

जर्मनीचं गुणगान करायला मी हे लिहीत नाही. 2018 मध्ये युरोपीय न्यायालयाने भूजलातल्या नायट्रेटवरून जर्मनीलाच दोषी ठरवलं होतं. देशातली जेमतेम 11 टक्क्यांच्या आसपास शेतजमीन सेंद्रिय आहे. आणि मांगफालचं खोरं गवताळ आहे, पाऊस भरपूर, व्यवसाय दुधाचा. तिथे सेंद्रियकडे वळणं कोरडवाहू कपाशीच्या मानाने फार सोपं. बोंडअळी काय असते हे तिथल्या शेतकऱ्याला समजावताना मला फोटो दाखवावा लागला. तिथली पिकं, तिथले दर इकडे आणून चालणार नाहीत, पण कराराची पद्धत आणता येईल असं मला वाटतं.

सुरुवात सगळ्या जिल्ह्यापासून करायची गरज नाही, श्रीलंकेने केली ती चूक तीच. गावच्या नळयोजनेची विहीर घ्यावी आणि तिच्याभोवतालचं, जिथलं पाणी झिरपून त्या विहिरीत येतं ते क्षेत्र भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडून आखून घ्यावं. बहुतेक गावांत ते शे-दोनशे एकरांच्या आत बसेल असा माझा अंदाज. तेवढ्या क्षेत्रातल्या शेतकऱ्यांशी ग्रामपंचायतीने करार करावा: युरिया बंद, शेणखत मोजून, तूर-मूग-बरबटीसारखी कडधान्यं फेरपालटात, तणनाशक नाही. बदल्यात दर एकरी ठरलेली रक्कम, आणि तिचा मोठा हिस्सा निंदणाच्या वेळी, हंगाम संपल्यावर नाही. पैसा पाणीपट्टीतून थोडा येईल, बाकी पंधराव्या वित्त आयोगाने ज्या तऱ्हेने 60 टक्के निधी पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिला होता, तशा निधीतून. त्यातून पाइप, टाक्या, मोटारी घेता येतात, तर पाण्याचा उगम राखणाऱ्या शेतकऱ्याचा मोबदलाही त्यात बसवावा. त्यासाठी नियम बदलावा लागला तर राज्याने आणि केंद्राने तो बदलावा, ही माझी स्पष्ट मागणी आहे.

गावकरी असं बंधन पाळतील का, अशी शंका घेणाऱ्यांनी हिवरे बाजारकडे बघावं. तिथे शेतीसाठी बोअरवेल घ्यायचं नाही, उसासारखी पाणीखाऊ पिकं घ्यायची नाहीत आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून मगच पेरणी ठरवायची, हे नियम ग्रामसभेने केले आणि वर्षानुवर्षं पाळले. पाणी किती आहे याचा हिशेब गाव ठेवू शकतं, तर पाणी कसं आहे याचाही ठेवेल. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना किटने पाणी तपासायला शिकवायची तरतूद आहे. त्यांनी पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर विहिरीतलं नायट्रेट मोजून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावं. करार टिकवायचा की मोडायचा, हे त्या आकड्यांवरून ठरेल.

हा मजकूर लिहिताना दादाला वाचून दाखवला. आमचे चार एकर नळयोजनेच्या विहिरीला लागूनच आहेत. त्याचं म्हणणं असं: करार किमान दहा वर्षांचा असावा, सरपंच बदलला तरी तो बदलू नये, निंदणाचे पैसे पोळ्याच्या आत खात्यात पडावेत आणि बिगर-बीटीचं बियाणं कृषी विभागाने पुरवावं. एवढं लेखी मिळालं तर पुढच्या खरिपाला ते चार एकर तो द्यायला तयार आहे.