सहा संघांचा सातबारा

अमेरिकेच्या नकाशात मध्यभागी, मक्याच्या शेतांत बुडालेले आयोवा नावाचे राज्य आहे आणि त्या राज्यात मोठ्या लीगमधला एकही बेसबॉल संघ नाही. असे असूनही प्रक्षेपणाच्या हक्कांपुरते पाहिले, तर या एका राज्यावर सहा संघांची मालकी आहे: शिकागोचे कब्स आणि व्हाइट सॉक्स, सेंट लुईसचे कार्डिनल्स, कॅन्सस सिटीचे रॉयल्स, मिनेसोटाचे ट्विन्स आणि मिल्वॉकीचे ब्रूअर्स. ज्या संघाचा जो प्रदेश, त्या प्रदेशात त्याचे सामने स्थानिक वाहिनीवरच दिसावेत, सर्व संघांच्या सामायिक इंटरनेट वर्गणीवर दिसू नयेत, असा दंडक आहे. वाहिनीने संघाला त्यासाठीच पैसे मोजलेले असतात, तेव्हा मुळात त्यात गैर काही नाही. मात्र आयोवा कोणाच्या पदरात टाकायचे यावर डोके शिणवण्याऐवजी ते सगळ्यांच्याच पदरात टाकण्यात आले. आमच्याकडे चुलत्या-पुतण्यांच्या सामायिक जमिनीचे जे होते तेच इथे झाले: सातबाऱ्यावर नावे सहा, कसायला कोणी येत नाही आणि बांधावरून दुसऱ्याला जाऊही देत नाहीत.

मी या सातबाऱ्यावर, म्हणजे डी मॉइन शहरात राहतो आणि कब्सचा चाहता आहे. त्यांचे मैदान इथून मोटारीने पाच तासांवर आहे आणि मिल्वॉकी तर त्याहूनही लांब. पण नियमाच्या लेखी मी सहाही मैदानांच्या कुंपणाला लागूनच राहतो. लीगमध्ये तीस संघ आहेत, म्हणजे भरल्या दिवशी पंधरा सामने होतात. आमचे सहाही मालक बाहेरच्या संघांशी खेळत असले, की त्यांतले सहा सामने माझ्या पडद्यावरून अंतर्धान पावतात. उरलेले नऊ पाहण्याची मला पूर्ण मुभा आहे. पण सिएटलने मायामीला हरवले काय किंवा मायामीने सिएटलला हरवले काय, मला त्याचे सोयरसुतक नसते.

ज्या स्ट्रीमिंग सेवेची वर्गणी मी भरतो, तिच्या मदत केंद्राशी याविषयी माझा लेखी संवाद झाला. पलीकडच्या व्यक्तीने माझा पिन कोड विचारून घेतला आणि हा सामना माझ्या भागातील वाहिनीवर उपलब्ध असल्याचे आनंदाने कळवले. माझी केबल कंपनी ती वाहिनी दाखवतच नाही, असे मी लिहिले. त्यावर सामना संपल्यानंतर सुमारे दीड तासाने तो मला संपूर्ण पाहता येईल, अशी सांत्वनपर माहिती मिळाली. रात्री पावणेदहाला संपलेला सामना सव्वाअकराला सुरू करायचा आणि तोपर्यंत फोन, शेजारी आणि कचेरीतले उत्साही सहकारी यांच्यापासून कान वाचवत बसायचे, हा यमनियम योग्यालाच झेपेल. अलीकडे काही संघांनी आपली स्वतंत्र वर्गणीही काढली आहे. म्हणजे एकेका भावाला वेगळा खंड भरा आणि खुशाल राहा.

या शहरात बेसबॉल अजिबात नाही, असे मात्र समजू नये. नदीकाठी एक सुंदर मैदान आहे आणि त्यावर आयोवा कब्स हा शिकागोच्या खालच्या पायरीचा संघ खेळतो. तिकीट परवडते, पहिल्या रांगेत बसता येते आणि खेळाडूच्या टाचेखालची माती उडालेली दिसते. एखादा पोरगा इथे चेंडू कुंपणापार भिरकावू लागला, की मी त्याच्यावर जीव लावतो. मग शिकागोहून बोलावणे येते, त्याची बढती होते आणि त्या क्षणापासून तो मला दिसेनासा होतो. क्रिस ब्रायंट 2015 च्या एप्रिलपर्यंत आमच्या शहराचा खेळाडू होता. पुढच्याच वर्षी तो त्याच्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि कब्सनी 108 वर्षांनी जगज्जेतेपद मिळवले. आम्ही ज्याला जवळून ओळखतो, त्याला जगात फक्त आम्हीच पाहायचे नाही, अशी ही व्यवस्था आहे. 12 ऑगस्ट 2021 रोजी आयोवातल्या डायर्सव्हिलच्या मक्यात खास मैदान बांधून व्हाइट सॉक्स आणि यँकीज यांचा सामना झाला. तो राष्ट्रीय वाहिनीवर असल्यामुळे आम्हालाही दिसला. आमचा एक मालक आम्हाला दिसावा म्हणून त्याला आमच्या मक्यात येऊन खेळावे लागले.

वास्तविक कॉमिक्सच्या चाहत्याला हा प्रकार नवा वाटू नये. सांगलीत इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ वाचताना कवटीच्या गुहेची मालकी कोणत्या कंपनीकडे आहे, असा प्रश्न मला कधी पडला नव्हता. इथे आल्यावर कळले, की महानायकांच्या घराण्यांत आमच्या तालुका कचेरीलाही लाजवतील अशा भाऊबंदक्या आहेत. जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनी 1938 मध्ये सुपरमॅनचे हक्क 130 डॉलरला लिहून दिले. कोर्टाच्या पायऱ्या नंतर त्यांनीही झिजवल्या आणि त्यांच्या वारसांनीही. 1940 मध्ये फॉसेट कंपनीने काढलेला कॅप्टन मार्व्हल सुपरमॅनपेक्षा जास्त खपू लागला, तेव्हा ही आमच्या नायकाची नक्कल आहे, असा दावा सुपरमॅनच्या मालकांनी ठोकला आणि तो वर्षानुवर्षे चालवला. शेवटी 1953 मध्ये फॉसेटने तडजोड करून गाशा गुंडाळला. बेवारस पडलेले नाव 1967 मध्ये मार्व्हल कंपनीने उचलले. मग 1972 मध्ये मूळ नायकाला भाडेपट्ट्याने परत आणले कोणी, तर ज्यांनी त्याला कोर्टात खेचले होते त्यांनीच! पण एव्हाना नाव परक्याचे झाल्याने मुखपृष्ठावर शझॅम छापावे लागले आणि कालांतराने तेच त्याचे नाव झाले. आता गंमत अशी, की तो शब्द उच्चारताच वीज कोसळते आणि त्याचे रूप पालटते. त्यामुळे या गृहस्थाला चारचौघांत स्वतःचे नाव सांगायचीही चोरी आहे.

चित्रपटांतही तेच. क्विकसिल्व्हर हा अतिवेगवान महानायक, हा एकच माणूस, 2014 मध्ये एका कंपनीच्या चित्रपटात आणि 2015 मध्ये दुसऱ्या कंपनीच्या चित्रपटात, दोन वेगळ्या नटांच्या अंगाने धावला आणि दुसऱ्या चित्रपटात त्याला म्युटंट, म्हणजे जन्मजात अचाट शक्ती लाभलेला, म्हणायचीही सोय नव्हती, कारण तो शब्द पहिल्या कंपनीच्या वाटणीत गेला होता. माझे मित्र या गोंधळावर अजूनही कपाळाला हात लावतात. मी आयोवात राहत असल्यामुळे मला वाटते, की निदान तो दोनदा दिसला तरी.

वाटणीपत्रात एक गोष्ट मात्र सुटली आहे, ती म्हणजे आवाज. चित्र रोखून धरणारी तीच सेवा रेडिओचे समालोचन बिनतक्रार ऐकू देते आणि 1996 पासून कब्सचा रेडिओवरील आवाज असलेले पॅट ह्यूज सामन्याच्या आरंभी गणवेशाचा रंग, पट्टे आणि टोप्यासुद्धा सांगतात, हा त्यांचा माझ्यासारख्या दृष्टिवंचितांवर उपकार आहे. विन स्कली यांनी आधी ब्रुकलिनमध्ये आणि मग लॉस एंजेलिसमध्ये मिळून तब्बल 67 हंगाम डॉजर्स संघाच्या सामन्यांचे वर्णन केले. लॉस एंजेलिसचे लोक मैदानात बसून, डोळ्यांसमोर खेळ चाललेला असताना कानाला ट्रान्झिस्टर लावून त्यांना ऐकत. इतकी चैन आमच्या नशिबी नाही.

आमच्या शहराची परंपरा वेगळी आहे. 1930 च्या दशकात इथल्या डब्ल्यूएचओ नावाच्या रेडिओ केंद्रावर रोनाल्ड रीगन नावाचा तरुण कब्सच्या सामन्यांचे वर्णन करीत असे, आणि तेही शिकागोला न जाता. तारेने त्रोटक मजकूर येई आणि त्यावरून तो ऊन, वारा, गर्दी, फलंदाजाच्या कपाळावरची आठी असे सगळे उभे करी. एकदा ऐन सामन्यात तारच बंद पडली. तो किस्सा पुढे राष्ट्राध्यक्ष झाल्यावरही ते रंगवून सांगत: फाऊल, म्हणजे रेषेबाहेर गेलेल्या, चेंडूची धावफलकात नोंद होत नाही, हे ओळखून त्यांनी फलंदाजाला मिनिटामागून मिनिटे फाऊलच मारायला लावले. म्हणजे त्या काळी डी मॉइनमध्ये समालोचकाला सामना दिसत नव्हता. आता समालोचकाला दिसतो, मला दिसत नाही. प्रगती ती हीच.

ही परंपरा सध्या आमच्या आईने चालू ठेवली आहे. सांगली कोणत्याच संघाच्या सातबाऱ्यात येत नाही, त्यामुळे माझ्या पुतण्याने तिथे घेतलेल्या वर्गणीवर कब्स बिनदिक्कत दिसतात. इथला संध्याकाळी सातचा सामना तिथे पहाटे साडेपाचला सुरू होतो. पुतण्या तेव्हा घोरत असतो आणि आई चहा घेऊन टीव्हीसमोर बसते. मग तिचा फोन येतो. पाठीमागे रेडिओ चालू असलेला तिला खपत नाही, म्हणून तो मी बंद करतो.

“अरे, मारला. उंच गेला. मागे लोकांत बसलेल्या एका म्हाताऱ्यानं झेलला. झाला ना बाद?”

“नाही आई, तो फाऊल. प्रेक्षकानं घेतलेला झेल धरत नाहीत.”

“का? इतका छान घेतला त्यानं, एका हातानं. दुसऱ्या हातात खायचं होतं.”

आईचे समालोचन तपशिलाने समृद्ध असते, पण तो तपशील धावसंख्येचा क्वचितच असतो. कोणता खेळाडू सारखा थुंकतो, पंच कसा पोक काढून उभा राहतो आणि दाढीवाल्या गोलंदाजाची आई त्याला काही बोलत कशी नाही, हे मला कळते. नवव्या डावात, दोन खेळाडू तळांवर असताना, “थांब हं, दूध वर आलं,” म्हणून ती आत गेली. तार बंद पडली.

“काय चाललंय?” पत्नीने विचारले.

“फाऊल.”

“अजून?”

“अजून.”

बऱ्याच वेळाने आई परत आली. “अरे, संपलं की! सगळे मिठ्या मारतायत.”

“कोण जिंकलं?”

“निळ्या टोप्यांवाले!”

त्या दिवशी सामना डॉजर्सशी होता आणि डॉजर्सच्या टोप्याही निळ्याच असतात. खाली कपडे कोणत्या रंगाचे आहेत, हे मी विचारेपर्यंत दारात भाजीवाला आला म्हणून आईने फोन ठेवला होता.