परदेशातून : तळ्याला पूर्ण फेरी नको

पुण्याच्या भोवतीच्या गावांत तळ्यावरून एकच वाद पुन्हा पुन्हा पेटतो. ग्रामपंचायतीला, किंवा २०१७ आणि २०२१ मध्ये महापालिकेत गेलेल्या गावांत तिथल्या पुढाऱ्यांना, तळ्याभोवती पेव्हर ब्लॉकचा ट्रॅक, दिवे आणि बाकडी हवी असतात. पक्षीप्रेमींना कुंपण आणि कुलूप हवं असतं. मग इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आमच्यासारख्यांचे फोटो ग्रुपवर येतात : इथे बदकं बाकड्यापाशी येऊन उभी राहतात, कुंपण लागतं कशाला?

हा दाखला चुकीचा आहे. इथल्या गावतळ्यातलं मॅलार्ड बदक पिढ्यान्‌पिढ्या पाव खाऊन माणसाळलेलं आहे. पुण्याकडे हिवाळ्यात उतरणारे चक्रवाक, थापट्या आणि तलवार बदकं दूर उत्तरेकडून येतात, वाटेत त्यांची शिकारही होते. जागेप्रमाणे कमीजास्त धरलं तरी उघड्यावर माणूस ४०-५० मीटरवर आला की ती उठतात. बांधावरचा बगळा दहा मीटरवर बसून राहतो म्हणून सगळेच पक्षी राहतील असं नाही.

आता हिशोब करू. एक हेक्टरचं गोल तळं घेतलं तर त्याची त्रिज्या ५६ मीटर. काठाने पूर्ण फेरी घालणारा रस्ता केला आणि पक्षी ४० मीटरवर उठतात असं धरलं, तर मध्ये १६ मीटर त्रिज्येचा तुकडा उरतो, म्हणजे तळ्याचा जेमतेम बारावा हिस्सा. एक एकराच्या तळ्याची त्रिज्या ३६ मीटर. तिथे काहीच उरत नाही. तोच रस्ता काठाच्या एक तृतीयांश भागापुरता ठेवला, तर एक हेक्टरच्या तळ्यात जवळपास निम्मं पाणी पक्ष्यांना मिळतं. म्हणून माझं म्हणणं एवढंच की तळं बंद करू नका, पण त्याला पूर्ण फेरी देऊ नका.

कोणती बाजू कोणाला द्यायची ते तळंच सांगतं. आपली बहुतेक तळी बांध घालून झालेली. बांधाकडे पाणी खोल, उतार उभा, माणसांची वहिवाट जुनी. ती बाजू लोकांची. ओढा जिथून येतो तो फुगवटा उथळ, चिखलाचा, पाणी ओसरलं की गाळपेर (ओल्या गाळातली पेरणी) होते तो. ती पक्ष्यांची. दगडी पिचिंग, म्हणजे उतारावर रचलेला दगडांचा थर, बांधाला हवंच, पण फुगवट्याला ते लावलं की चिखलात चरणाऱ्या तुतवार, शेकाट्यांचं ताट उचलल्यासारखं होतं. त्यांना टाचभर ते वीतभर पाणी लागतं. काठाचा उतार १५ ला १ (पंधरा मीटर आडवं गेलं की एक मीटर खाली) ठेवला आणि उन्हाने पाणी रोज ५ मिलीमीटर उतरलं, तर रोज साडेसात सेंटिमीटर रुंदीची ताज्या चिखलाची पट्टी उघडी पडते, किडे-अळ्यांनी भरलेली. उभ्या भिंतीला नुसती ओली रेघ दिसते.

गाळ काढताना नेमकं हेच बिघडतं. केंद्र सरकारच्या अमृत सरोवर या तळी योजनेचा २०२२ चा निकष किमान एक एकर आणि सुमारे १०,००० घनमीटर पाणी असा होता. एक एकरात एवढं मावायचं तर सरासरी खोली अडीच मीटर येते, आणि पोकलेन चारी बाजूंनी सरळ खड्डा कापतो. जागा असेल तर खोली बांधाकडे वाढवावी आणि फुगवटा हाताने आखून मगच मशीन आत सोडावं.

इंग्लंडकडून घ्यायचं ते इथल्या जुन्या जलाशयांकडून. लंडनच्या बार्न्समध्ये व्हिक्टोरियन काळातल्या चार जलाशयांवर २००० साली पाणपक्ष्यांचं केंद्र उभं राहिलं, वॉल्थमस्टोचे दहा जलाशय २०१७ मध्ये लोकांना खुले झाले, तेही फुकट. दोन्हीकडे मदतनीस कुत्रा सोडून कुत्र्यांना मनाई. बघायला आडोसे आहेत, आणि हा आडोसा आपल्याकडे स्वस्तात होतो. बांबूचे तट्टे, उंची दोन मीटर, बघायला फटी दोन उंचींवर : मोठ्यांसाठी दीड मीटर, मुलांसाठी आणि चाकाच्या खुर्चीसाठी एक मीटर. बांबू जमिनीत पुरला की एक-दोन पावसाळ्यांत कुजतो, म्हणून खांब जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपचे आणि तट्टे जमिनीपासून वीतभर वर. आडोशापर्यंतची वाटही झाकलेली हवी. नाहीतर माणूस येतानाच दिसतो आणि फटीतून रिकामं पाणी बघावं लागतं.

इथलं कॅलेंडर मात्र उचलू नये. इंग्लंडमध्ये खुल्या माळरानांवर १ मार्च ते ३१ जुलै कुत्रा आखूड पट्ट्याने बांधून ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. पुण्यात त्या काळात टिटवीची अंडी सांभाळली जातील, पण पावसाळ्यात कमळपक्षी, टिबुकली आणि जांभळी पाणकोंबडी घरटी करतात, ऑक्टोबर ते मार्च पाहुणे असतात. म्हणजे फुगवट्याला बाराही महिने शांतता हवी. त्या बाजूला सागरगोटी, करवंद किंवा घायपाताचं कुंपण पुरेसं आहे. बेट करायचं असेल तर मेमध्येही भोवती पाणी राहील अशा जागी. नाहीतर उन्हाळ्यात ते काठाला जोडलं जातं आणि कुत्री अंड्यांपर्यंत पोचतात.

कुलूपवाल्या मित्रांनाही एक सांगायचं आहे. पुण्यातल्या पाषाण तलावाचा श्वास राम नदीतून येणाऱ्या सांडपाण्याने आणि त्यावर पोसलेल्या जलपर्णीने कोंडला. फिरायला येणाऱ्यांनी तो कोंडला नाही. ज्या तळ्यावर लोक जात नाहीत तिथे रात्री राडारोड्याचा डंपर बिनबोभाट रिकामा होतो. गुरं पाजणारा, धुणं धुणारी, जाळं टाकणारा यांना हाकलून तळं वाचत नाही. धुण्याचे दगड बांधाच्या बाजूला घ्या, त्यांचं पाणी तळ्यात न जाता शोषखड्ड्यात जाऊ द्या, विसर्जनाला वेगळा हौद करा. मासेमारीच्या ठेक्यात फुगवट्यात जाळं न लावण्याची अट आधीच लिहा, नंतर ती कोणी मानत नाही. दिवे फक्त बांधावर, वरून झाकलेले म्हणजे उजेड खालीच पडेल असे, रात्री नऊला बंद.

२०१७ च्या पाणथळ जागांच्या नियमांतून पिण्याच्या पाण्यासाठी आणि सिंचनासाठी बांधलेली तळी वगळलेली आहेत, त्यामुळे बरीचशी गावतळी त्या छत्राखाली येत नाहीत. हातात उरते ग्रामसभा आणि जैवविविधता व्यवस्थापन समिती. ठरावात ‘पक्ष्यांसाठी जागा राखावी’ एवढंच लिहिलं तर ठेकेदाराला काहीच कळत नाही. आराखड्याआधी ऑक्टोबरमध्ये आणि मेमध्ये पाण्याच्या काठावर खुंट्या ठोका, दोन्ही रेघा गट नंबरच्या नकाशावर उतरवा. फुगवट्याकडे या दोन रेघांच्या मधली जमीन ही पक्ष्यांची. तिथे मुरूम, पेव्हर, बाकडं आणि पिचिंग यांपैकी काहीही येणार नाही, असं ठरावात नावानिशी लिहा.