एम काढायचे पन्नास रुपये

मंगळवारी दुपारी ठाण्यात, नौपाड्यातल्या एका झेरॉक्सवाल्याला मी पन्नास रुपये दिले. ते अजून माझ्या घशाखाली उतरलेले नाहीत.

काम क्षुल्लक. एका बिलावर माझ्या आडनावातला काना गळाला होता, तो परत लावून घ्यायचा. त्यासाठी ऑनलाइन अर्ज. फोनवर साइट उघडली की ती आपल्याला परस्पर 'मोबाइलच्या' साइटवर ढकलते, म्हणजे पत्त्याच्या आधी एक 'एम' आणि एक टिंब. तिथे अर्ज भरला, आणि तळाशी बघतो तर 'पुढे' या बटणावर 'आमचं ॲप घ्या' अशी पट्टी ठाण मांडून बसलेली. मेनूतल्या 'डेस्कटॉप साइट'वर टिचकी मारली, तर तीच एमवाली साइट, मुंगीएवढ्या अक्षरांत. पट्टी तिथेच, भरलेला अर्ज तेवढा कोरा. असं तीनदा.

दुकानात पेन्शनच्या कागदांची झेरॉक्स काढायला एक काका आले होते. माझा चेहरा बघून त्यांनी न विचारता निदान केलं.

"आडवा धरा."

"काय?"

"फोन हो! आडवा धरा. माझा भाचा ऐरोलीला कंप्युटरमध्येच आहे. रुंदी मिळाली की साइट मोकळी होते."

आडवा धरला. पट्टीने आता अर्धा पडदा खाल्ला. उरलेल्या अर्ध्यात कीबोर्ड आला. साइट म्हणून फक्त एक निळी रेघ शिल्लक राहिली.

"बघू इकडे." काकांनी फोन माझ्या हातातून घेतलाच. त्यांनी तो उभा केला, पान उभं झालं. आडवा केला, पान आडवं झालं. मग त्यांनी फोन टेबलावर ठेवला आणि स्वतःची मान आडवी केली. मिनिटभर तसेच उभे. झेरॉक्सचं मशीन त्यांच्या पेन्शनची पानं ओकत होतं.

"पट्टीच्या खाली आहे बटण," ते शेवटी म्हणाले. जणू मी पट्टीच्या वर शोधत होतो. "मोठा फोन घ्या तुम्ही. सणाला ऑफर असते."

खरं सांगायचं तर ही धाकटी साइट एके काळी उपकार होती. 1999 च्या सुमारास वॅप, म्हणजे साध्या फोनवर इंटरनेट दाखवायची सोय, आलं, तेव्हा फोनच्या पडद्यावर चार ओळी मावायच्या आणि त्याही रांगत यायच्या. त्या फोनला थोरली साइट झेपलीच नसती. मग 2007 साली आयफोन आला. त्यातल्या सफारी ब्राउझरने 980 पिक्सेलचं अख्खं पान 320 च्या पडद्यात बसवून दाखवलं. हवं तिथे दोन बोटांनी मोठं करा. मे 2010 मध्ये ईथन मार्कोट नावाच्या माणसाने लेख लिहून सांगितलं, की दोन साइटी कशाला? एकच पान करा, ते पडद्याप्रमाणे आपलं अंग आवरून बसेल. तिथेच या एम-टिंबाचे दिवस भरायला हवे होते. पण आपल्याकडे तात्पुरता मांडव एकदा पडला की त्याला वीजजोडणीही मिळते.

आणि मला हसू येत नाही ते इथे. माझ्या आईकडे फक्त फोन आहे. तिच्यासाठी ही लंगडी साइट हीच अख्खी साइट. बटण दिसलं नाही तर तिला वाटतं, आपल्यालाच जमत नाही. पट्टी लावणाऱ्याला असं कधीच वाटत नसणार.

असो. झेरॉक्सवाल्या पोराने माझ्याकडून लिंक कंप्युटरवर मागवली. बावीस इंची पडद्यावर तीच एमवाली साइट उघडली, एकेक रकाना या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेला. पोराने वर पत्त्यात जाऊन 'एम' आणि टिंब खोडलं, एंटर मारलं. थोरली साइट. पट्टी नाही. 'पुढे' ठसठशीत.

"मग हेच फोनवर का नाही होत?" काका मान सरळ करत म्हणाले.

"तुम्ही एम काढला तरी साइट परत लावते. ब्राउझर सांगतो ना तिला, मी मोबाइल आहे म्हणून."

"कशाला सांगतो?"

"सांगायचीच पद्धत आहे. तसे सगळे थापाच मारतात. क्रोम, सफारी, सगळे स्वतःची ओळख 'मोझिला' या जुन्या ब्राउझरच्या नावानेच करून देतात. जुनी सवय."

हे मला लगेच पटलं. ठाण्यात आयुष्य काढून आम्हीही बाहेरगावी "मुंबईचे" म्हणूनच सांगतो.

काना लागला. पावती निघाली. "किती झाले?"

"पन्नास."

"अरे, बोर्डावर तीस लिहिलंय!"

"तीस कंप्युटरच्या फॉर्मचे, काका. तुमचा मोबाइलचा होता."

काका! मी सेहेचाळीसचा आहे. खरे काका माझ्या शेजारी उभे राहून सुट्टे मोजत होते, आणि त्यांना तो पोरगा "सर" म्हणत होता.