तातडी त्यांची, कागदं आमची

डिसेंबर आला की बेळगावात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन, सुवर्ण विधानसौधाभोवती पोलीसच पोलीस, अन् आत? आरडाओरड्यात पुरवणी मागण्या, म्हणजे बजेटवरचा जादा खर्च, आवाजी मतदानानं पास. हजारो कोटी, चर्चा शून्य! विचारलं तर म्हणे तातडीचं होतं.

मान्य, पूर काय परवानगी काढून येत नाही. म्हणूनच तर घटनेच्या कलम २६७ मध्ये आकस्मिक निधीची सोय आहे: पैसे आधी उचला, सभागृहाची मंजुरी नंतर घ्या. पण हिशेब? सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगचा अहवाल येईस्तोवर सरकारसुद्धा बदललेलं असतं. दिल्लीची तर वेगळीच तऱ्हा. २०२० चा पीएम केअर्स मदतनिधी म्हणे माहिती अधिकारातच बसत नाही!

आणि इकडं? २०१९ ला घटप्रभेचं पाणी शिरलं, काकूंचं घर गेलं. एक भिंत तेवढी उभी राहिली, चौकटीसकट. झालं, पंचनाम्यात ‘अंशतः पडझड’! मग उतारा आणा, आधार आणा, फोटो आणा, अर्ज कन्नडमधूनच लिहून आणा. त्या वयात बाई तालुक्याला खेटे घालून दमली. वर साहेब विचारतो, बाकीच्या भिंती पुरानंच पडल्या कशावरून?

हाच प्रश्न एकदा त्या हजारो कोटींना विचारा की, साहेब!